झाडाच्या हाती लेखणी देणारे शास्त्रज्ञ : जगदीशचंद्र बोस



आपल्या गावाचे आणि एका झाडाचे नाव एकच आहे. ज्याची पाने दसऱ्याला सोने म्हणून वाटतात, ते हे आपट्याचे झाड. या झाडाचे पान दोन पाळ्यांचे असते. आपट्याच्या आणि त्याच्या भावकीतल्या कांचनाच्या पानाकडे दिवसा पाहा आणि रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन पुन्हा पाहा. दिवसा पसरलेल्या पाळ्या रात्री एकमेकींकडे झुकलेल्या आढळतील. चिंचेची पाने तर रोज संध्याकाळी मिटतात, हे आपण सर्वजण पाहतोच. पावसाळ्यात पाताळगंगेच्या परिसरातील बांधावर उगवणारी लाजाळू याहून चपळ. तिच्या एका टोकाला बोट लावले की पानांच्या जोड्या एकामागून एक मिटत जातात आणि शेवटी देठही खाली पडतो.

आता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. बोट लागले ते टोकाच्या पानाला. मग चार बोटे दूर असलेल्या देठाला ती बातमी कोणी पोचवली? झाडाला ना डोळे, ना कान, ना मेंदू. तरी निरोप तर गेला. तो कोणत्या वाटेने गेला, किती वेगाने गेला, आणि तो जाताना आपल्याला पकडता येईल काय?

या प्रश्नाचा ज्या भारतीयाने आयुष्यभर पाठलाग केला, त्यांची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहे. त्यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. वनस्पतींना जीव असतो हे जगदीशचंद्र बोस यांनी शोधून काढले, असे एक वाक्य पाठ करून आपण परीक्षेत गुण मिळवतो. परंतु मित्रांनो, हे वाक्य बरोबर नाही. झाडे सजीव आहेत हे शेतकऱ्याला आणि शास्त्रज्ञाला बोसांच्या पुष्कळ आधीपासून माहीत होते. बोसांनी केले ते वेगळे आणि त्याहून कठीण काम होते. झाडाच्या आत या क्षणी काय चालले आहे, हे विजेच्या साहाय्याने मोजून त्याची नोंद झाडाकडूनच करवून घेण्याची पद्धत त्यांनी उभी केली. ते काय आणि कसे, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या बालपणापासून सुरुवात करावी लागेल.

शाळेचा बाक

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. त्यांचे मूळ गाव विक्रमपूर भागातील राढीखाल. हा सारा मुलूख आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा अधिकाऱ्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणे हेच प्रतिष्ठेचे समजले जाई. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला गावच्या बंगाली पाठशाळेत घातले. आधी स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसे ओळखावीत, इंग्रजी नंतर येईलच, असा त्यांचा विचार होता.

त्या पाठशाळेत छोट्या जगदीशच्या उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि डाव्या हाताला एका कोळ्याचा मुलगा. पक्षी, जनावरे, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी या सोबत्यांकडून ऐकता ऐकता निसर्गाविषयीचे आपले कुतूहल जागे झाले, असे ते मोठेपणी जाहीरपणे सांगत. हे दोस्त घरी आले की जगदीशची आई सर्वांना एकत्र बसवून सारखेच खाऊ घाली. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. पालकहो, मुलाच्या शेजारी कोण बसतो याची आपण फार काळजी करतो. या मुलाच्या बाबतीत शेजारी बसलेल्यांनीच त्याला निसर्गाची पहिली ओळख करून दिली.

त्याला शाळेत नेणारा माणूसही मोठा नामी होता. तो पूर्वीचा दरोडेखोर. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा दिली होती आणि सुटून आल्यावर त्यांनीच त्याला नोकरीस ठेवले. त्याच्या खांद्यावर बसून धाडसाच्या कथा ऐकत हा मुलगा शाळेत जाई.

पुढे 1869 साली जगदीशचंद्र कलकत्त्यास आले. काही महिने हेअर स्कूलमध्ये काढून ते सेंट झेवियर्समध्ये दाखल झाले. खेड्यातून आलेला, इंग्रजी नीट न येणारा हा मुलगा तिथल्या मुलांच्या थट्टेचा विषय झाला. वसतिगृहात एकटे पडल्यावर त्याने अंगणात लहानशी बाग केली आणि प्राणी पाळले. याच संस्थेच्या कॉलेजात फादर लाफों नावाचे बेल्जियन प्राध्यापक पदार्थविज्ञान शिकवीत. ते फळ्यावर नुसते सिद्धांत लिहीत नसत, तर वर्गात प्रयोग करून दाखवीत. प्रयोगाची गोडी जगदीशचंद्रांना लागली ती इथे.

1879 साली ते पदवीधर झाले. विलायतेला जाऊन मोठ्या सरकारी परीक्षेला बसावे असे त्यांच्या मनात होते. वडिलांनी नकार दिला. मुलाने हुकूम गाजवणारा अधिकारी न होता विद्वान व्हावे, अशी त्यांची इच्छा. घराची स्थिती तेव्हा बिकट होती, कारण लोकांना उद्योग मिळावा म्हणून काढलेल्या व्यवसायांत भगवानचंद्र कर्जबाजारी झाले होते. तरीही आईने मुलाच्या शिक्षणासाठी अंगावरचे दागिने विकण्याची तयारी दाखविली. 1880 साली जगदीशचंद्र लंडनला वैद्यकी शिकण्यास गेले. पण तापाने त्यांची पाठ सोडली नाही आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील वासाने दुखणे वाढू लागले. वैद्यकी सोडून ते केंब्रिजला गेले आणि 1884 साली निसर्गविज्ञानाची पदवी मिळविली. तिथे पदार्थविज्ञानासाठी लॉर्ड रॅले आणि वनस्पतिशास्त्रासाठी फ्रान्सिस डार्विन यांच्यासारखे गुरू लाभले. दोन शास्त्रांची ही जोड पुढे कशी उपयोगी पडली ते आपण पाहूच.

तीन वर्षे बिनपगारी

1885 साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या काळी त्याच कामासाठी हिंदी माणसाला युरोपियनाच्या दोनतृतीयांश पगार मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून बोसांना त्याच्याही निम्माच देऊ केला होता. घरी कर्ज होते. पैशाची गरज होती. तरी त्यांनी तो पगार घेण्यास नकार दिला, आणि शिकवणे मात्र एक दिवसही थांबविले नाही. तीन वर्षे त्यांनी बिनपगारी काम केले. शेवटी सरकारला त्यांची योग्यता मान्य करावी लागली आणि मागील सर्व वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

1887 साली त्यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून अबला वैद्यकी शिकण्यासाठी दूर मद्रासला गेल्या होत्या. प्रकृतीमुळे तो अभ्यास अपुरा राहिला. पण पुढे 1919 साली त्यांनी नारी शिक्षा समिती स्थापन केली आणि बंगालच्या खेड्यापाड्यांत मुलींसाठी शाळा काढल्या. आपल्या मुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबवण्याचा विचार ज्यांच्या मनात येत असेल, त्यांनी या बाईंची आठवण ठेवावी.

30 नोव्हेंबर 1894 रोजी, छत्तिसाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी उर्वरित आयुष्य संशोधनाला वाहण्याचा निश्चय केला. कॉलेजात प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. न्हाणीघराला लागून असलेली एक चिंचोळी खोली त्यांना मिळाली. उपकरणे बनवून घेण्यासाठी हाताशी होता एक अशिक्षित पत्र्याचे काम करणारा कारागीर. पगारातून पैसे वाचवून आणि त्या कारागिराला शिकवून बोसांनी विद्युतचुंबकीय लहरींची यंत्रे तयार केली. त्यांच्या लहरी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. इतक्या आखूड लहरी त्या वेळी जगात फारच थोड्यांना निर्माण करता आल्या होत्या. लहरींचा एक गुणधर्म तपासण्यासाठी त्यांनी ब्रॅडशॉचे जाडजूड रेल्वे वेळापत्रक घेतले, त्याच्या पानांमध्ये कथलाचे पातळ कागद घातले, आणि ते उपकरण म्हणून वापरले. दुसऱ्या एका प्रयोगात पीळ दिलेले तागाचे धागे वापरले. आमच्याकडे साधने नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी आगगाडीचे हे वेळापत्रक आठवावे.

1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी या लहरी भिंतींपलीकडे पाठवून तारेविना दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. 1909 सालचे नोबेल पारितोषिक बिनतारी संदेशासाठी मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळाले, बोसांना नाही. शोधांवर मालकी हक्क घेण्याची त्यांना फारशी इच्छा नव्हती. त्यांच्या या प्रयोगांची आठवण म्हणून विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने 2012 साली कोलकात्यात त्यांचा गौरव केला.

थकणारे यंत्र

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. या लहरी टिपण्यासाठी बोस धातूच्या कणांचा एक ग्राहक वापरीत. सतत वापरला की त्याची संवेदना मंदावे आणि विश्रांती दिली की ती परत येई. त्याच्या नोंदींची वक्ररेषा त्यांनी काढली, तेव्हा ती थकणाऱ्या स्नायूच्या रेषेसारखी दिसली. दुसरा एखादा पदार्थवैज्ञानिक यंत्र बिघडले म्हणून ते फेकून देता. बोसांनी मात्र विचार केला की धातू आणि प्राणी यांची रेषा सारखी दिसते, तर मधल्या वनस्पतीची कशी दिसेल? 1901 सालच्या सुमारास लंडनमध्ये असताना त्यांनी बागेतील झाडाची पाने घेतली, भाजीवाल्याकडून गाजरे आणि सलगम आणले, आणि त्यांना तारा जोडल्या.

ही मोजणी कशी होते ते सांगतो, कारण तिच्यात जादू काहीच नाही. प्रत्येक जिवंत पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये विजेच्या दाबाचा अगदी थोडा फरक असतो. आपल्या टॉर्चमधील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, तर पेशीचा मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टाच्या हजाराव्या हिश्श्यात मोजावा लागतो. पेशीला धक्का, चटका किंवा जखम झाली की हा दाब क्षणभर बदलतो आणि मग हळूहळू पूर्ववत होतो. झाडाच्या दोन जागी तारा जोडून त्या गॅल्व्हनोमीटरला लावल्या आणि एका जागी झाडाला डिवचले, तर त्या दोन जागांतला फरक प्रवाहाच्या रूपाने वाहतो. गॅल्व्हनोमीटरमध्ये एक चिमुकला आरसा असतो. प्रवाह आला की आरसा किंचित फिरतो आणि त्यावरून पडलेला प्रकाशाचा कवडसा दूरच्या पट्टीवर चांगला हातभर सरकतो. कवडसा जिथे जिथे गेला ती रेषा फिरत्या कागदावर उमटवली, की झाडाने स्वतःच लिहिलेली नोंद आपल्या हाती येते. तीही त्याच क्षणी, झाड न कापता आणि न मारता.

पण एवढ्याने कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. हा फरक नुसत्या हलण्याने किंवा ओलाव्याने आला नसेल कशावरून? म्हणून बोसांनी दर वेळी अगदी सारख्याच जोराचा झटका बसेल अशी योजना केली. मग त्याच देठाला क्लोरोफॉर्मची वाफ दिली. उत्तर मंदावले. ताजी हवा दिली, उत्तर परत आले. शेवटी कढत पाण्याने देठ मारला, आणि कवडसा कायमचा स्थिर झाला. मेलेले झाड उत्तर देत नाही, याचा अर्थ उत्तर जिवंतपणाचेच होते. आपण विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी ही पायरी ध्यानात धरावी. आपले म्हणणे खोटे ठरवू शकेल असा प्रयोग आधी आपणच करून पाहायचा असतो.

दारे बंद झाली तेव्हा

6 जून 1901 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बोसांनी हे प्रयोग दाखविले. समोर सर जॉन बर्डन सँडरसन हे शरीरक्रियाशास्त्राचे नामांकित पंडित बसले होते. विशेष म्हणजे कीटक पकडणाऱ्या एका वनस्पतीच्या पानातील विद्युत बदल याच गृहस्थांनी 1873 साली, चार्ल्स डार्विन यांच्या सूचनेवरून, प्रथम मोजला होता. परंतु साध्या भाजीपाल्यातही तसे घडते हे त्यांना पटेना. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या शास्त्रात शिरू नये, आणि निबंधाच्या शीर्षकातील प्रतिसाद हा शब्द तरी बदलावा, असा त्यांचा आग्रह होता. बोसांनी शब्द बदलण्यास नकार दिला. निबंध न छापता दप्तरात पडून राहिला.

अशा वेळी माणूस एक तर वैतागून घरी परततो, नाही तर मोठ्यांच्या मनासारखे बोलू लागतो. बोसांनी दोन्ही केले नाही. त्यांनी आणखी झाडांवर आणखी मोजणी केली. 1902 च्या फेब्रुवारीत लिनियन सोसायटी या दुसऱ्या संस्थेपुढे तेच प्रयोग दाखविले आणि तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते मानले. त्याच वर्षी त्यांचा पहिला ग्रंथ निघाला, 1906 आणि 1907 साली आणखी दोन मोठे ग्रंथ निघाले. या कठीण काळात रवींद्रनाथ टागोर यांच्यासारखा मित्र आणि भगिनी निवेदिता यांच्यासारखी साहाय्यक त्यांच्या पाठीशी उभी राहिली. रवींद्रनाथांनी त्रिपुराच्या महाराजांकडून त्यांच्यासाठी पैशाची मदत मिळविली.

यंत्रे मात्र अजून अपुरी होती. लाजाळूच्या पानाने लेखणी ओढायची, तर काचेवर घासणाऱ्या लेखणीचा अडथळाच पानाला जड होई. बोसांनी काजळी धरलेल्या काचेला अधूनमधून फक्त टेकणारी, सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा कंप पावणारी लेखणी बनविली. रेघेऐवजी ठिपके उमटू लागले. घर्षण गेले, आणि ठिपके मोजून वेळही कळू लागली. या यंत्राने त्यांनी लाजाळूच्या देठातून जाणाऱ्या निरोपाचा वेग मोजला. तो सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास भरला, कोवळ्या बारीक देठात त्याहून जास्त. आपल्या चपळ मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. झाडाचा निरोप सावकाश जातो, पण जातो.

1914 साली ते लाजाळू आणि टेलिग्राफ प्लांटची जिवंत झाडे घेऊन युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. दुसऱ्या वनस्पतीची छोटी पाने कोणी न हलविता आपोआप वरखाली होत राहतात. परक्या थंडीत ही झाडे जगविणे हेच मोठे काम होते. लंडनमधील त्यांच्या राहत्या घरच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ येऊन स्वतःच्या डोळ्यांनी नोंदी पाहून जात.

नमन करणारे खजुराचे झाड

त्यांच्या मोजणीचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. पूर्व बंगालमधील फरीदपूर येथे खजुराचे एक झुकलेले झाड होते. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते झाड मस्तक टेकल्यासारखे खाली येई आणि सकाळी पुन्हा वर उठे. लोक त्याला नवस करीत. बोसांनी तिथे नोंद घेणारे यंत्र लावायचे ठरविले. परक्या यंत्राच्या स्पर्शाने झाडाचे सामर्थ्य जाईल, अशी भीती मालकाला वाटली. यंत्र आपल्याच देशात बनले आहे आणि ते लावणारा साहाय्यक एका पुजाऱ्याचा मुलगा आहे, हे समजल्यावर त्याने परवानगी दिली.

रात्रंदिवसाच्या नोंदीवरून दिसले की झाड फक्त संध्याकाळी हलत नव्हते, ते चोवीस तास हलत होते. ऊन वाढे तसे ते खाली येई आणि गारवा वाढे तसे वर उठे. तापमानाची रेषा आणि झाडाची रेषा एकमेकींच्या मागोमाग जात होत्या. बोसांनी लोकांची थट्टा केली नाही, आणि लोकांचे म्हणणे तपासल्याशिवाय मानलेही नाही. नोंद समोर ठेवली आणि ते बाजूला झाले.

स्वतःचे मंदिर

1915 साली ते नोकरीतून निवृत्त झाले. 30 नोव्हेंबर 1917 रोजी कलकत्त्यात त्यांनी बसू विज्ञान मंदिर ही संशोधन संस्था उघडली. स्वतःची शिल्लक त्यांनी तिला दिली आणि देशभरातून, आपल्या मुंबईतूनही, देणग्या आल्या. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. या काळात त्यांनी क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र सिद्ध केले. झाडाची वाढ ते दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी, त्यामुळे एखाद्या खताचा परिणाम काही मिनिटांत दिसू लागला. यंत्रावर शंका घेतली गेली, तेव्हा 1920 साली लंडनमध्ये तज्ज्ञांसमोर त्याची उघड परीक्षा झाली आणि ते खरे ठरले. ज्या रॉयल सोसायटीने निबंध दप्तरात ठेवला होता, तिनेच त्या वर्षी त्यांना सभासद करून घेतले. मध्ये एकोणीस वर्षे गेली होती.

मित्रांनो, थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या चुका झाकण्याची आपली रीत आहे. बोसांच्या बाबतीत ती पाळणे त्यांच्याच शिकवणुकीविरुद्ध होईल. काचेच्या नळीत बसविलेली प्लॅटिनमची बारीक तार खोडात थोडी थोडी आत सरकवत ते प्रत्येक थराची वीज मोजीत. ही पद्धत फार कल्पक होती. पण तिच्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की खोडातील एक जिवंत थर हृदयासारखा आकुंचन-प्रसरण पावून पाणी वर ढकलतो. तो पुढे टिकला नाही. पानांतून बाष्प बाहेर पडते आणि त्या ओढीने खोडातल्या बारीक नळ्यांतील पाणी अखंड दोरीसारखे वर खेचले जाते, हे 1894 साली आयर्लंडमधील डिक्सन आणि जोली यांनी मांडलेले स्पष्टीकरणच आज मानले जाते. धातू आणि सजीव यांच्यातील साम्यही बोसांनी सांगितले त्या अर्थाने आज कोणी मानत नाही. तसेच झाडाला विद्युत संदेश जाणवतो म्हणजे त्याला आपल्यासारखे दुःख होते किंवा गाणे समजते, असे सिद्ध झालेले नाही. त्यांच्या नावावर अशा पुष्कळ कथा खपविल्या जातात. त्यांपासून सावध राहावे.

जे टिकले ते मात्र भक्कम आहे. साध्या वनस्पतीतही विद्युत संदेश धावतात हे आज सर्वमान्य आहे. 2013 साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनी दाखविले की एका पानाला जखम झाली की विजेचा संदेश दुसऱ्या पानापर्यंत जातो आणि ते पान किडीपासून बचाव करणारी रसायने बनविण्याच्या तयारीस लागते. त्या संदेशास आवश्यक असलेली जनुकेही त्यांनी ओळखली. 2018 साली अमेरिकेत आणि जपानमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी अळीने कुरतडलेल्या पानापासून निघालेली कॅल्शियमची लाट चमकत्या रंगात झाडभर पसरताना चित्रित केली. युरोपातील काही हरितगृहांत तर टोमॅटोच्या खोडाला बारीक इलेक्ट्रोड लावून त्याचे विद्युत संदेश संगणकावर अखंड पाहिले जातात. पाने सुकलेली दिसण्याआधीच झाडाला पाण्याची टंचाई भासते आहे हे ओळखावे, असा त्यामागील हेतू आहे. आरसा आणि कवडसा जाऊन संगणक आला, पण दोन तारा, एक जिवंत झाड आणि काही मिलिव्होल्टांचा फरक हा मूळ डाव तोच आहे.

23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे देहावसान झाले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला एकच आठवडा उरला होता.

आपण काय घ्यावे

पालकहो, दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला कोणत्या बाजूस घालावे हा प्रश्न घरोघरी येतो. विज्ञान आपल्यासारख्यांसाठी नाही, त्याला पैसा लागतो, शहर लागते, लहानपणापासून इंग्रजी लागते, असे आपण म्हणून जातो आणि मुलेही ते ऐकतात. या तिन्ही गोष्टींबाबत बोसांच्या आयुष्याची साक्ष वेगळी आहे. मातृभाषेतल्या शाळेने त्यांचे काही बिघडले नाही. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या हातून जगाने नावाजलेली यंत्रे झाली. त्यांना सर्वांत जास्त लागला तो वेळ, आणि घरच्यांनी दिलेला आधार. फरीदपूरच्या झाडाखाली त्यांनी जे केले ते तुमच्या मुलांनाही करता येईल, फक्त त्यांना प्रश्न विचारू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक काम देतो. दहा रुपयांची वही आणि सेकंद दाखविणारे घड्याळ घ्या. बांधावरची एक लाजाळू निवडा. टोकाच्या पानाला स्पर्श केल्यापासून देठ पडेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. पुन्हा उघडायला किती मिनिटे लागली ते लिहा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, उन्हात आणि पावसानंतर हेच करा. एकाच झाडाला लागोपाठ दहा वेळा स्पर्श करून ते थकते काय ते पाहा. चिंचेची पाने कोणत्या वेळी मिटू लागतात, ढगाळ दिवशी त्यात फरक पडतो काय, हेही मांडा. घरातल्या विजेच्या तारा मात्र झाडाला कधीही लावू नका, तो जिवाशी खेळ होईल. महिन्याभराने वही आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. मित्राच्या नोंदीशी ती जुळली नाही, तर भांडू नका, दोघांनी मिळून पुन्हा मोजा. आपल्या म्हणण्याला आधार काय असे कोणी विचारले, की आवाज न चढविता वहीचे पान उघडून पुढे करता यावे. जगदीशचंद्रांनी एकोणीस वर्षे हेच केले आणि शेवटी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे जगाला भाग पडले.